पर्यायी शिक्षण केंद्रे आणि शिक्षकांचे स्वातंत्र्य: मत मागायला येणाऱ्यांना नेमके काय विचारायचे?

दगडी_पाटी

निवडणूक जिल्हा परिषदेची असो की विधानसभेची, शिक्षणावर बोलताना दोन आश्वासने हल्ली ठरलेली असतात. एक, शाळाबाह्य आणि स्थलांतरित मुलांसाठी पर्यायी शिक्षण केंद्रे काढू. दोन, शिक्षकाला वर्गात मोकळीक देऊ. दोन्ही गोष्टी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लिहिलेल्या आहेत. परिच्छेद ३.२ मध्ये स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने पर्यायी आणि नावीन्यपूर्ण केंद्रांचा उल्लेख आहे. ५.१४ मध्ये अध्यापनपद्धती निवडण्याचे अधिक स्वातंत्र्य आहे, तर ५.१२ मध्ये शिकवण्याशी थेट संबंध नसलेली कामे शिक्षकाला देऊ नयेत असे म्हटले आहे.

प्रश्न असा की उमेदवार दारात उभा राहून हे बोलतो तेव्हा त्याला अडवून काय विचारायचे? "कधी करणार?" एवढे पुरत नाही, कारण त्यावर "लवकरच" हे उत्तर तयार असते. कोणत्या फाइलवर, कोणत्या लेखाशीर्षावर (सरकारी खर्चाच्या खात्यावर), कोणत्या तारखेवर बोट ठेवले तर बोलणे खरे की पोकळ हे कळेल? शिक्षण विभागात, संस्थांत, शाळा व्यवस्थापन समितीत काम केलेल्यांनी नेमके लिहावे.

कलम_अठरा

पहिली अडचण कायद्याची आहे, ती आधी समजून घेऊ.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २ (एन) मध्ये शाळेचे चारच प्रकार आहेत: शासकीय किंवा स्थानिक प्राधिकरणाची, अनुदानित, विशेष प्रवर्गातली (केंद्रीय विद्यालय, नवोदय वगैरे) आणि विनाअनुदानित. "केंद्र" हा प्रकार त्यात नाही. कलम १८ प्रमाणे मान्यता नसताना शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड, आणि पुढे चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. म्हणजे गावातल्या तरुणांनी चांगल्या हेतूने मंदिराच्या ओसरीवर पूर्णवेळ केंद्र काढले आणि मुलांची नावे कोणत्याच शाळेत नसली, तर ते केंद्र बेकायदा ठरते आणि मुले कागदावर शाळाबाह्यच राहतात.

कायदेशीर वाट एकच आहे, कलम ४ मधले विशेष प्रशिक्षण. मुलाला वयानुरूप वर्गात आधी प्रवेश द्यायचा (दहा वर्षांचे मूल कधीच शाळेत गेले नसले तरी पाचवीत) आणि मागे पडलेला भाग भरून काढायला किमान ३ महिने, जास्तीत जास्त २ वर्षे वेगळे वर्ग चालवायचे. केंद्र सरकारच्या आदर्श नियमावलीप्रमाणे हे वर्ग शाळेच्या आवारात किंवा सुरक्षित निवासी जागेत घ्यायचे असतात. मूल १४ वर्षांचे झाले तरी प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत ते मोफतच मिळते. हे परंतुक गावोगाव कुणी सांगत नाही, त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या मुली गळतात.

तेव्हा पहिला प्रश्न: तुमच्या केंद्रातल्या मुलाचे नाव कोणत्या यूडायस क्रमांकाच्या (सरकारी शाळा-नोंदणीतल्या क्रमांकाच्या) शाळेत असेल?

माणदेशी

मुळात ही केंद्रे हवीत कशाला, या प्रश्नापासून सुरुवात करायला हवी. केंद्र म्हणजे गरिबाच्या मुलासाठी कमी दर्जाची शाळा, हा आपला आजवरचा अनुभव आहे.

१९८६ च्या धोरणाने अनौपचारिक शिक्षण केंद्रांवर भर दिला. संध्याकाळी दोन तास, कंदिलाच्या उजेडात. मध्य प्रदेशाने १९९७ मध्ये शिक्षण हमी योजना आणली: एक किलोमीटरच्या आत सोय नसेल आणि ४० मुले असतील (आदिवासी भागात २५), तर गावाने मागणी केल्यापासून ९० दिवसांत शाळा, आणि शिकवायला गावातलाच गुरुजी. शाळा वेगाने उघडल्या, पण त्या गुरुजीला नियमित शिक्षकाच्या पगाराचा लहानसा भागच मिळत होता. आपल्याकडच्या वस्तीशाळांचेही (वाड्या-वस्त्यांवरच्या छोट्या शाळांचेही) तेच. तिथल्या शिक्षकाला कागदावर नाव काय तर "निमशिक्षक". नियमित सेवेत घ्यायला १ मार्च २०१४ उजाडावा लागला आणि आधीची सेवा धरायची की नाही यावरून तो शिक्षक पुढेही भांडतच राहिला.

आता पुन्हा तेच शब्द नव्याने येत आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी नेमण्याचा निर्णय झाला, पुढे तो मागे घ्यावा लागला. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकपदे ठरवण्याच्या) निर्णयाने सहावी ते आठवीचा पट २० च्या खाली असेल तर शिक्षकपदच मिळेना. एका हाताने वाडीची शाळा काढून घ्यायची आणि दुसऱ्या हाताने त्याच वाडीला "पर्यायी केंद्र" द्यायचे, हे मला मान्य नाही. आहे ती शाळा दोन शिक्षकांसह टिकवा, निम्म्या केंद्रांची गरज उरणार नाही.

रानवाटा

माणदेशी, वाडीवरच्या मुलांपुरते तुमचे शंभर टक्के मान्य. पण जे मूल वाडीत राहतच नाही त्याचे काय?

फडावरून

रानवाटांच्या प्रश्नाला उसाच्या फडावरचे उत्तर देतो.

बीड, जालना, अहिल्यानगर भागातून टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात आणि गाळप संपले की एप्रिल-मे मध्ये परततात. म्हणजे शाळेचे पहिले सत्र जेमतेम, दुसरे अख्खे बुडते. पण सगळ्या टोळ्या सारख्या नसतात आणि केंद्राचे यश त्यावरच अवलंबून असते.

गाडी सेंटरची टोळी बैलगाडीने ऊस ओढते, म्हणून कारखान्याजवळ एकाच तळावर हंगामभर राहते. एका तळावर शंभर-शंभर कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) असू शकतात. इथे साखरशाळा (ऊसतोड मुलांसाठी तळावरची हंगामी शाळा) चालते: मुले एका जागी, संख्या पुरेशी, कारखान्याकडून पाणी-वीज मिळू शकते. डोकी सेंटरची (डोक्यावर मोळ्या वाहणारी) किंवा ट्रॅक्टरची टोळी मात्र तोड संपेल तशी गावे बदलते. दहा-बारा कोयते, म्हणजे दहा-बारा जोडपी, आज या शिवारात तर पंधरा दिवसांनी तीस किलोमीटरवर. त्यांच्यासाठी तळावर केंद्र उघडले तर महिन्याभरात ते रिकामे होते. या मुलांना गावातच ठेवणे हाच इलाज. त्यासाठी हंगामी वसतिगृह आहे: मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहते, शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची आणि अभ्यासाची सोय करते.

हंगामी वसतिगृह कुठे फसते? तारखेत. टोळी ऑक्टोबरमध्ये जाते आणि मंजुरी-निधी डिसेंबरात येतो. तोवर मूल गेलेले असते. अर्ध्या हंगामात कुणी त्याला परत आणत नाही, कारण बहुतेक वेळा ते मूल कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळत असते. म्हणून वसतिगृहासोबत लहानग्यांची सोय, तळाजवळची अंगणवाडी किंवा पाळणाघर, नसेल तर बारा वर्षांची मुलगी गावात राहणारच नाही. आईबाप निर्दयी म्हणून नव्हे. पहाटे फडात जायचे तर तान्ह्याला कुणाच्या हवाली करायचे?

वीटभट्टीचे गणित वेगळे. ठाणे-पालघरात विधायक संसद या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या त्या भट्टीलगतच, कारण कुटुंब पावसाळ्यापर्यंत त्याच भट्टीवर असते. एकाच साच्याचे केंद्र दोन्हीकडे लावू नये.

हिशोबनीस

पैशांचे सांगतो. समग्र शिक्षा अभियानात विशेष प्रशिक्षणासाठी प्रति मूल प्रति वर्ष अनिवासी ६,००० रुपयांपर्यंत आणि निवासी २०,००० रुपयांपर्यंत निकष आहे. केंद्र-राज्य वाटा ६०:४०. ४० मुलांचे अनिवासी केंद्र धरले तर वर्षाला जास्तीत जास्त २,४०,०००. यात शिकवणाऱ्याचे मानधन, साहित्य, प्रवास, सगळे आले. दोन माणसे दहा महिने ९,००० रुपयांनी नेमली तर १,८०,००० तिथेच संपतात. उरलेल्या ६०,००० त ४० मुलांचे साहित्य आणि वाहतूक. एवढ्याशा मानधनावर डीएड झालेला तरुण टिकत नाही, पवित्र पोर्टलवर (शिक्षकभरतीच्या सरकारी संकेतस्थळावर) नाव आले की तो जातो. माणसे मधेच बदलणे हे केंद्र बंद पडण्याचे सगळ्यात मोठे कारण.

दुसरे, हा आकडा जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात आधी जायला लागतो. आराखडा मूलनिहाय याद्यांवर बनतो. यादीत नाव नाही तर पैसा नाही. नोव्हेंबरात मुले सापडली म्हणून नोव्हेंबरात पैसे मिळत नाहीत.

अंजन

साखरशाळेत पोरांना रोज शिरा मिळतो अशी एका पाहुण्यांची समजूत होती म्हणे. 🙂 विषयांतराबद्दल क्षमस्व. प्रश्न खराच आहे: तळावर शालेय पोषण आहार मिळतो का?

फडावरून

अंजन, शिरा नाही, पण खिचडी मिळायला हवी. पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, असा निकष आहे. तो तांदूळ शाळेच्या पटावर येतो. मूल जवळच्या शाळेत दाखल करून साखरशाळा त्या शाळेचा जोडवर्ग (त्याच शाळेचा बाहेर भरणारा वर्ग) केली तर आहार मिळतो. स्वतंत्र केंद्र म्हणून चालवली तर संस्थेला देणगीदार शोधावा लागतो. कलम_अठरा म्हणतात तोच यूडायस क्रमांक इथे जेवणाच्या ताटापर्यंत येतो.

खडूफळा

आता पटाची गोष्ट निघालीच आहे तर खरी गाठ तिथेच आहे.

संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. मूल ऑक्टोबरात जाते. मूळ शाळेने त्याला विद्यार्थी नोंदणीच्या पोर्टलवरून कोल्हापूर-सांगलीच्या शाळेला सोडले तर पुढच्या वर्षी ते परत येईपर्यंत पट कमी दिसतो आणि एखादे पद जाण्याची भीती असते. सोडले नाही तर तिकडची शाळा त्याला नोंदवू शकत नाही, कारण एक मूल एकाच ठिकाणी दिसते. मग दोन्हीकडचे शिक्षक कागद जुळवत बसतात आणि मूल दोन्हीकडे गैरहजर. मुलासोबत जायला "शिक्षण हमी पत्रक" आहे, ज्यावर त्याची इयत्ता आणि कुठवर शिकले ते लिहिलेले असते, आणि त्यावर कुठल्याही शाळेने त्याला बसवून घ्यायचे असते. पत्रक चांगले आहे. पण ते कागदी आहे आणि पट पोर्टलवर आहे. पोर्टलवर "हंगामी स्थलांतर, पद मूळ शाळेतच कायम" अशी नोंद करता आली तर शिक्षकाची भीती जाईल आणि मूल मोकळेपणाने पाठवता येईल. त्यात आधार वैध नसलेले मूल संचमान्यतेत धरायचे की नाही हा वाद, आणि ज्यांचे आधार नसते ती बहुधा हीच मुले.

त्यामुळे दोन आश्वासने वेगळी नाहीत. ज्या शिक्षकाचे पद ३० सप्टेंबरला टांगलेले असते त्याला "तू स्वतंत्र आहेस" म्हणून काय होणार?

माणदेशी

खडूफळा, +१. हंगामी स्थलांतरितांपुरता माझा विरोध मागे घेतो. पण "जोडवर्ग" हाच शब्द आणि मूळ शाळेचा क्रमांक, ही अट कायम.

दगडी_पाटी

इथवरची चर्चा फार उपयोगाची. पण शिक्षकांच्या स्वातंत्र्यावर अजून थोडेच आले आहे. स्वातंत्र्य म्हणजे नेमके कशाचे? कुणीतरी उलगडून सांगा.

खडूफळा

वर्गात शिक्षक पाच गोष्टी ठरवू शकतो किंवा शकत नाही: घटकांचा क्रम, वेळापत्रक, साहित्य, मूल्यांकन, आणि स्वतःचे प्रशिक्षण. यातले बरेच स्वातंत्र्य आपल्याकडे कागदावर आधीच दिलेले आहे, हे आश्वासने देणाऱ्यांना ठाऊक नसते.

२० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. आकारिक (शिकता शिकता होणारे) आणि संकलित (सत्राच्या शेवटचे) यांचे प्रमाण पहिली-दुसरीला ७०:३०, तिसरी-चौथीला ६०:४०, पाचवी-सहावीला ५०:५०, सातवी-आठवीला ४०:६०. आकारिकसाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने, आणि त्यातली कोणती घ्यायची हे शिक्षकाने ठरवायचे. म्हणजे दुसरीच्या मुलाचे ७० टक्के मूल्यमापन शिक्षकाच्या निरीक्षणावर! एवढा विश्वास कागदावर टाकला होता.

मग झाले काय? तपासणीला येणारा अधिकारी नोंदवही मागतो. ४० मुले, आठ-नऊ विषय, प्रत्येकाच्या वर्णनात्मक नोंदी: दर सत्राला तीनशेच्या वर नोंदी हाताने लिहायच्या. बाजारात तयार नोंदींच्या पुस्तिका आल्या आणि "वाचनाची आवड आहे", "अक्षर सुधारणे आवश्यक" ही वाक्ये राज्यभर सारखीच उतरली. शिक्षक आळशी होते म्हणून असे झाले नाही. नोंद मुलासाठी न राहता तपासणीसाठी झाली. पुढे तिसरीपासूनच्या वर्गांना राज्याकडून तयार होऊन येणाऱ्या पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या, २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला ५० आणि ६० गुणांच्या वार्षिक परीक्षा आल्या. प्रश्नपत्रिका वरून येते तेव्हा घटकांचा क्रमही वरूनच ठरतो, कारण त्या महिन्यापर्यंत तो भाग झालेला हवा. २०१० चे स्वातंत्र्य कुणी रद्द केले नाही. ते हळूहळू आकसले.

सातपुडा

रचनावादाचेही (मूल स्वतः करून शिकते या विचाराचेही) हेच झाले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटात (शाळांच्या तपासणी-गटात) शिक्षकांनी स्वतः वाचून, एकमेकांच्या शाळा पाहून, मुलांना फरशीवर बसवून गटात काम देणे सुरू केले. २२ जून २०१५ ला "प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र"चा शासन निर्णय आला आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून शिक्षक बसने कुमठ्याला जाऊन पाहून आले. ज्यांनी गटकामाचा हेतू नेला त्यांच्या शाळा बदलल्या. जिथे "अमुक तारखेपर्यंत फरशी रंगवा" असे फर्मान निघाले तिथे फरशीवर तक्ते रंगले आणि मुले त्याभोवती रांगेत बसून घोकत राहिली. स्वातंत्र्याचा आदेश निघाला की त्याचा पहिला शब्द "सर्वांनी" असतो, तिथेच ते बिघडते.

माझ्या भागाचा आणखी एक मुद्दा. धडगाव-अक्कलकुव्यात पावरी आणि भिली, मेळघाटात कोरकू. मूल पहिलीत येते तेव्हा "बदक" हा शब्द त्याच्यासाठी चित्राशिवाय काहीच नसतो. नर्मदा बचाव आंदोलनाच्या नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी गावातल्याच तरुणांना शिक्षक केले आणि मुलांच्या बोलीतून सुरुवात केली. इथे शिक्षकाचे स्वातंत्र्य म्हणजे पहिले सहा महिने पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून बोलीत बोलण्याचे स्वातंत्र्य. तपासणीला आलेल्याने "पान किती झाले?" विचारले की ते संपते.

रानवाटा

बहुवर्ग शाळेसाठी सर्वांत उपयोगाची मोकळीक एक सांगते: वेळापत्रकाची. दोन शिक्षक, पहिली ते चौथी, ३५ मुले. इयत्तेप्रमाणे बसवले तर प्रत्येक शिक्षकाकडे एका वेळी दोन इयत्ता. त्याऐवजी रोज दीड तास तिसरी-चौथीची मुले इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवायची: अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, परिच्छेद वाचणारे, गोष्ट वाचणारे. पातळी ठरवायला एका मुलाला पाच मिनिटे लागतात, कागद एकच. महिन्यातून एकदा पुन्हा तपासून मूल पुढच्या गटात. चूक कुठे होते? गट एकदा पडला की तसाच राहतो आणि "अक्षरवाला गट" हे मुलाचे नाव होऊन बसते. दुसरी चूक, हे तास शाळा सुटल्यावर जादा म्हणून घेणे. शाळेच्या वेळेतच हवेत. कायद्यात पहिली ते पाचवीला २०० दिवस आणि ८०० तास एवढेच बंधन आहे, दिवसाची आखणी कायद्याने बांधलेली नाही. आखणी बदलायला शिक्षकाला केंद्रप्रमुखाकडे (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) परवानगी मागावी लागू नये, हे आश्वासन मागा.

हिशोबनीस

आणि वेळेचेही मागा. कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा आहे, पूर्वतयारी धरून. कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून अशैक्षणिक काम देता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची यादीही जाहीर केली. वाद आता "शैक्षणिकशी संबंधित" कामांवर आहे: ऑनलाइन माहिती, छायाचित्रे, दुवे, रोजचा आहाराचा पट. प्रत्येक काम दहा मिनिटांचेच, पण नेटवर्क नसलेल्या डोंगरात दहा मिनिटांची नोंद टेकडी चढून करावी लागते. दोनशिक्षकी शाळेत एक जण प्रशिक्षणाला आणि दुसरा टेकडीवर, तर चारही वर्ग कुणाकडे?

अंजन

मुक्त विद्यालयाचा पर्याय कुणी मांडला नाही. राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीचीही परीक्षा घेते. मग पर्यायी केंद्रात शिकून थेट तिथे बसवले तर?

कलम_अठरा

मोठ्या मुलांसाठी ते चांगले दार आहे. पाचवीच्या परीक्षेला १० वर्षे, आठवीच्या परीक्षेला १३ वर्षे पूर्ण लागतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेत दहावीला १४ वर्षे पूर्ण हवीत, पाच विषय, आणि पाच वर्षांत नऊ संधी. एकेक विषय सोडवत जाता येते. कामावर जाणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलासाठी याहून सोयीचे काही नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला या वाटेला लावू नये. मुक्त विद्यालय परीक्षा घेते, रोज शिकवत नाही, जेवण देत नाही, सोबती देत नाही. शिवाय "आमच्याकडे मुक्त विद्यालय आहे" म्हणून रोजची शाळा चालवणारे वर्ग निघाले आहेत. पालकांनी आधी केंद्राचा संलग्नता क्रमांक मंडळाच्या संकेतस्थळावर तपासून मगच शुल्क भरावे.

दगडी_पाटी

मूळ प्रश्नाकडे येतो. इथल्या प्रतिसादांवरून उमेदवाराला विचारायचे ते असे जुळवले आहे: केंद्रातल्या मुलाचा यूडायस क्रमांक कोणत्या शाळेचा? हंगामी वसतिगृहाचा पैसा दसऱ्याआधी देणार का? हंगामी स्थलांतराने मूळ शाळेचे पद जाणार नाही असा निर्णय आणणार का? शिकवणाऱ्याला किती मानधन आणि किती महिन्यांची नेमणूक? तपासणीत पान विचारणार की मूल वाचते का ते?

माणदेशी

चांगले जुळले आहे. एक दुरुस्ती. जिल्हा परिषद सदस्याला पद आणि संचमान्यता विचारून उपयोग नाही, तो अधिकार राज्याचा. त्याला तारीख आणि यादी विचारा, आमदाराला पद आणि मानधन विचारा. नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतील.

रानवाटा

आणि निवडणुकीची वाट न पाहता या हंगामासाठी काही करता येईल का?

फडावरून

येते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव घ्या. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत थांबलात तर टोळ्यांची उचल (आगाऊ रक्कम) होऊन निघायची तयारी झालेली असते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि गावातला मुकादम (टोळी जमवणारा) मिळून घरोघर यादी करा. मुकादमाला सोबत घ्या, कारण कोण कुठल्या सेंटरला जाणार हे त्यालाच पक्के ठाऊक असते. ठरावाचा मजकूर साधारण असा:

"गावातील खालील कुटुंबे ऊसतोडीसाठी स्थलांतर करणार असून सोबतच्या यादीतील ६ ते १४ वयोगटातील मुलांना गावातच ठेवण्यास त्यांचे पालक तयार आहेत. मुलांचा सांभाळ करणाऱ्या नातेवाइकांची नावे यादीत नमूद आहेत. या मुलांसाठी हंगामी वसतिगृह १ ऑक्टोबरपासून सुरू करण्यास मंजुरी व निधी मिळावा. सोबत जाणाऱ्या मुलांची वेगळी यादी, गाडी सेंटर की डोकी सेंटर या नोंदीसह, जोडली असून त्यांना शिक्षण हमी पत्रक निघण्यापूर्वी देण्यात यावे."

खाली सरपंच, शाळा व्यवस्थापन समिती अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या सह्या. एक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाला, आणि पोच घेतलेली तिसरी प्रत शाळेत.

खडूफळा

यादीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे आधार वैध आहे की नाही हाही रकाना घाला. नसेल तर ३० सप्टेंबरपूर्वी शाळेतच शिबिर लावता येते.